आईच्या घरात कोणीतरी आहे

९ नोव्हेंबर, रविवार

गेल्या रविवारी हिवाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास मागे गेली. आता आईला नवाऐवजी आठला फोन. इथले संध्याकाळचे आठ म्हणजे अमरावतीत सकाळचे साडेसहा, तिची चहाची वेळ.

आज पुन्हा पलंगावर बसलेली. मागे तीच पिवळी भिंत. दिवाळीपासून मी ही भिंतच बघते आहे. म्हटलं, "स्वयंपाकघरात चल ना, ओटा दाखव." तर म्हणे, "ओटा काय बघायचा? आहे तिथंच आहे." हीच बाई पूर्वी फोडणी कशी बसली ते दाखवायला फोन कढईवर धरायची. एकदा वाफेने स्क्रीन गेला होता.

काहीतरी आहे.

१२ नोव्हेंबर

लॅबमध्ये दिवस वाया. महिनाभर वाढवलेल्या सेल्स मेल्या. बस चुकली, थंडीत उभी राहिले. घरी येऊन पिठलं केलं, इथल्या बेसनाला ती चव नाही. रिया म्हणाली, "स्मेल्स लाइक माय आजीज हाउस." रिया माझी हाउसमेट. जन्म न्यू जर्सीचा, आईबाप ठाण्याचे, ही ॲन आर्बरमध्ये बेकरीत काम करते आणि त्यावरून तिच्या घरी अजून अबोला आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. लोणच्याची बरणी झपाट्याने उतरते आहे. हिच्यावर संशय आहे, पण विचारणार कसं?

आईशी पाच मिनिटं. घाईत होती. कसली घाई? शाळेतून रिटायर होऊन किती वर्षं झाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कप आपोआप आला.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. आई बोलत होती, शोभामावशीच्या सुनेचं काहीतरी. मध्येच डावीकडून चहाचा कप स्क्रीनमध्ये आला. आईने तो घेतला. एक अंगठा दिसला, बस. रुंद नखाचा.

"कोण आहे?"
"शोभा आहे. तीच चहा घेऊन येते आजकाल."

शोभामावशी आमची शेजारीण, भिंतीला भिंत. पण ती हातात डझनभर बांगड्या घालते. ती खोलीत आली की आधी बांगड्या येतात. आज काही वाजलं नाही. आणि साडेसहाला शोभामावशी दुसऱ्याच्या घरी चहा घेऊन? ती आठशिवाय उठत नाही.

१६ नोव्हेंबर

रियाला सांगितलं. ओव्हनमधून ट्रे काढता काढता म्हणाली, "मे बी शी हॅज अ बॉयफ्रेंड. गुड फॉर हर."

माझी आई! अमरावतीत! रिया हसली, मी नाही.

दुपारी वेगळंच डोक्यात आलं. ते डिजिटल अरेस्टचं. म्हाताऱ्या माणसांना व्हिडिओ कॉलवर धरून ठेवतात, कोणाला सांगू नको म्हणतात. घरात माणूस घुसवत असतील तर? बाजूला बसून ऐकत असेल तर? वेळ न पाहता फोन लावला. "आई, मला फक्त हो किंवा नाही सांग. तुझ्या शेजारी कोणी बसलंय का?"

"काय वेड्यासारखं विचारून राहिली? जेवली का तू?"

'हो' म्हणाली नाही, 'नाही' पण म्हणाली नाही.

१९ नोव्हेंबर

आज फोनवर असताना बेल वाजली. आई जागची हलली नाही. बोलतच राहिली, जरा मोठ्याने. आणि मागे कडी काढल्याचा आवाज आला. आमची कडी खालून वर ओढावी लागते, करकरते. तो आवाज मी हजार आवाजांत ओळखीन.

बसलेल्या माणसाने कडी काढली कशी, ते विचारलं नाही. विचारलं की ती अजून सांभाळून वागेल. आता फक्त ऐकायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुलकर्णी काकांबरोबर इंडियन ग्रोसरी. काका जवळच नोव्हाय गावात राहतात, रिटायर्ड डॉक्टर, इथे येऊन अर्धं आयुष्य झालं. काकू गेल्यापासून रविवारी मला गाडीतून घेऊन जातात. मला वाटतं दुकान हे निमित्त, त्यांना मराठी बोलायचं असतं. मलाही.

दुकानात मी सवयीने म्हटलं, "काका, सांबार घ्यायचाय." काका मसाल्याच्या पाकिटांकडे वळले. मग दोघंही हसलो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याच्या माणसाला किती वेळा सांगणार! जुडी हातात घेतली आणि एकदम सांबारवडीचा वास आला, आईच्या ओट्यावरचा, थंडीतला. डोळे भरले. काकांनी पाहिलं आणि कांदे निवडायला लागले.

परतताना सगळं सांगितलं. भिंत, कप, कडी. काका ड्राइव्ह करता करता म्हणाले, "माझी आई गेली ते मला तेरावं झाल्यावर कळलं. माझी परीक्षा होती ना. सगळ्यांनी मिळून ठरवलं, त्याला सांगायचं नाही."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कोणावर धरणार? ज्यांनी लपवलं, तेच तिच्या उशाशी होते."

हे मला सांगायला नको होतं त्यांनी. आता दुसरीच भीती.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. गावात चिटपाखरू नाही, बसेस बंद. रिया घरी गेली नाही, पम्पकिन पाय बेक करत बसली. मी सकाळीच अमरावतीला फोन केला, तिथे संध्याकाळ.

आई बरी दिसली. केस विंचरलेले, पण भांग वाकडा. तिचा भांग कधी वाकडा नसतो. बोलत होतो, अंबाडीची भाजी बाजारात आली का वगैरे. आणि आतून आवाज आला.

"शालू, नळ आला."

आईने पटकन खोकल्यासारखं केलं. "बरं ठेवते, पाणी भरायचं आहे." कट.

आईला शाळेत शालिनीबाई म्हणायचे. शोभामावशी ताई म्हणते, मामा अक्का म्हणतो. शालू म्हणणारा एकच माणूस होता.

रियाचा पम्पकिन पाय खाल्ला. चव आठवत नाही.

२९ नोव्हेंबर

नाव लिहायचं नाही ठरवलं होतं. पण मग लिहायचं तरी काय!

वि. (बाबा हा शब्द मी सोडला आहे.)

मी नववीत होते. आई म्हणाली, त्यांची नागपूरला बदली झाली. वर्षभर मी मैत्रिणींना बदली, बदली सांगत होते. एक दिवस वर्गातल्या मुलीनेच सांगितलं की तुझ्या बाबांचं तिकडे दुसरं घर आहे, माझ्या काकांच्याच गल्लीत राहतात. घरी येऊन आईला विचारलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली न ठेवता म्हणाली, "हो. तुझी दहावी झाल्यावर सांगणार होते."

म्हणजे ही बाई लपवते. अगदी सहज लपवते, भाजी निवडल्यासारखी. मी संशयी आहे असं सगळे म्हणतात. मला कोणी केलं तसं?

आता तो तिथे काय करून राहिला आहे? आजारी पडला असेल. नागपूरवालीने हाकलला असेल. चाकरी करायला शालू आहेच.

३ डिसेंबर

शोभामावशीला फोन. मी खोटं बोलले, आणि छान बोलले. म्हटलं, "मावशी, आईने मला सगळं सांगितलं."

"सांगितलं? बरं झालं बाप्पा!" मावशीने असा श्वास सोडला की फोनमध्ये वारा आला. "मी तिला रोज म्हणू, पोरीपासून कुठवर लपवतेस! अन् आता तर वॉकरवर चालायला लागली नं. रॉड चांगला बसला म्हणे डॉक्टर."

रॉड.

मी म्हटलं, "हो ना."

पुढचं मावशीनेच ओघात सांगितलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आई बाथरूममध्ये पडली. मांडीचं हाड. ऑपरेशन. मावशीचे यजमान दवाखान्यात घेऊन गेले. "पण रात्रंदिवस कोण करणार? मग तिनेच विलासरावांना फोन लावला. लई करतात हो ते. वेणी घालून देतात. मी तर पाहतच राहिले."

भांग.

म्हणजे दिवाळीला मी मंडळात नऊवारी नेसून फोटो पाठवत होते आणि ती "छान दिसते" लिहीत होती, ते दवाखान्याच्या खाटेवरून.

४ डिसेंबर

लॅबला गेले नाही. आईला फोन केला नाही. तिनेही केला नाही. मावशीने सांगितलं असणार.

७ डिसेंबर, रविवार

फोन केला. तिने पहिल्या रिंगला उचलला. भिंत. मी म्हटलं, "कॅमेरा फिरव."

तिने फिरवला. वॉकर, पलंगाला टेकवलेला. औषधांचा डबा. खिडकीत एक बनियन वाळत होतं, मोठ्या मापाचं. तो खोलीत नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"
"सांगून?"
"आले असते."
"हो. आली असतीस. म्हणूनच."

तिला सगळं माहीत आहे. मी इथून निघाले तर व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागणार. लॅबमधला एक मुलगा लग्नाला म्हणून तेहरानला गेला तो अजून आलेला नाही, त्याचं टेबल आता दुसऱ्याचं आहे. हे तिला मीच सांगितलं होतं, मागच्या उन्हाळ्यात, आले नाही त्याचं कारण म्हणून. तिने ते लक्षात ठेवलं.

"आणि त्यांना सांगितलंस."
"त्यांना येता येत होतं. नागपूरहून एस.टी. आहे."

इतकं साधं म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

"मामाला बोलवायचं. बाई ठेवायची."
"मामाचा स्वतःचा गुडघा धड नाही. बाई ठेवली होती, दोन दिवसांत पळाली. वर्षा, मला उचलावं लागत होतं. समजतं का तुला? संडासला न्यावं लागत होतं."

पुढे तीच म्हणाली, "सांबारवडी करायची होती आज. ह्यांना जमत नाही. जाड करतात."

ह्यांना.

१० डिसेंबर

बर्फ. सायकल आत घेतली.

विचार करते आहे की त्याला काय हवं असेल. कोणी इतक्या वर्षांनी वेणी घालायला येतं का? आमच्या घरापुढून आता मोठा रस्ता जातो आहे, आजूबाजूला फ्लॅट होत आहेत. आईला तिरक्या मार्गाने विचारायला गेले, सातबारा, वारस, काहीतरी. ती म्हणाली, "घर माझ्या नावावर आहे. माझ्या पगारातून बांधलं. हेच विचारायचं होतं नं? मग सरळ विचारत जा."

तिचा आवाज एवढा थंड मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

१४ डिसेंबर

काकांबरोबर दुकान. म्हणाले, "तुला भीती कसली आहे? त्याने तिला पुन्हा दुखवलं तर?"
"हो."
"की नाही दुखवलं तर?"

काका कधीकधी फार लागतं असं बोलतात. मी गाजरं घेतली.

बरणीचं कोडं सुटलं. रिया लोणचं ग्रिल्ड चीजमध्ये घालते! स्वतःच सांगितलं, तोंड भरलेलं असताना. "आय थॉट यू न्यू." मला कळायला हवं होतं म्हणे.

२१ डिसेंबर

आईने वॉकर सोडून तीन पावलं चालून दाखवली. कॅमेरा कोणी धरला होता ते मी विचारलं नाही. चित्र डळमळत नव्हतं. ती चालली तसं तेही मागे मागे जात राहिलं, एकाच अंतरावर, म्हणजे पडली तर धरता येईल इतक्या. मी हे नको असताना पाहिलं.

फोनच्या शेवटी आई म्हणाली, "बोलतेस का?"
"कोणाशी?"
"असू दे."

४ जानेवारी, रविवार

प्रोफेसरांना विचारलं की मार्चमध्ये भारतात जाऊन आले तर. ते चांगले आहेत. म्हणाले, तुझा निर्णय, पण ग्रँट उन्हाळ्यात संपते आहे आणि तू अडकलीस तर मी जागा धरून ठेवू शकणार नाही. खांद्यावर हात ठेवल्यासारखं बोलले. ठेवला नाही, इथे ठेवत नाहीत.

बसमध्ये माझ्यापुढे एक मुलगी फोनवर तिच्या आईला सांगत होती, आय हेट यू, आय विल कॉल यू टुमारो. केवढी श्रीमंती!

१३ जानेवारी

घसरले. लॅबबाहेर, न दिसणाऱ्या काळ्या बर्फावर. हनुवटी फुटली. रियाने बेकरीचा एप्रन तसाच ठेवून गाडी आणली, दवाखान्यात टाके घातले. नर्सने विचारलं, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट कोण? मी आईचा नंबर सांगू लागले. नर्स म्हणाली, इन द कंट्री. मी रियाकडे पाहिलं. "पुट मी डाउन," रिया म्हणाली. तिचं आडनाव मला लगेच आठवेना. एका छपराखाली राहतो आम्ही.

१४ जानेवारी, संक्रांत

आईला फोन केला, कॅमेरा बंद ठेवून. तिळगूळ घे वगैरे झालं.

"कॅमेरा का बंद?"
"नेट स्लो आहे आज. बर्फ आहे ना."
"बरं," आई म्हणाली.

आणि मागून, जरा दुरून, तो: "नेट स्लो असेल तर आवाज पण तुटतो. विचार तिला, कुठे लागलं."

आई थांबली. "वर्षा?"

मला इतका राग आला की टाके ओढले. कोणी सांगितलं ह्यांना माझी चौकशी करायला? आणि बरोबर कसं ओळखलं? माझ्यासारखाच. खोट्याला खोटं लगेच कळतं, हे माझ्याकडे आलं कुठून ते आज कळलं. आईला तर समोर धडधडीत खोटं बोललं तरी खपतं.

कॅमेरा लावला. आई ओरडली, "अगं बाई!" मग अर्धा तास मोहरीचं तेल, हळद, बूट कुठले घालतेस. त्याचा आवाज पुन्हा आला नाही. पण दार लावल्याचाही आला नाही. म्हणजे तिथेच उभा होता.

२१ जानेवारी

आईचा वॉकर सुटला, काठी आली. मी सरळ विचारलं, कारण सरळ विचारत जा म्हणाली होती.

"आता ते कधी जाणार?"
"विचारलं नाही."
"ते जावेत असं वाटतं का तुला?"

स्क्रीन अडकला की काय असं वाटलं. मग म्हणाली, "सकाळी कोणीतरी दुधाची पिशवी उचलून आणतं. मला ते ऐकू येतं पलंगावरून. मी डोळे मिटूनच असते. बस, इतकंच."

"त्यांनी काय केलं ते विसरलीस?"

"नाही. त्यांना पण विसरू देत नाही. रोज एक तरी गोष्ट ऐकवते. तू काळजी करू नकोस."

आणि हसली! माझी आई, तोंडावर पदर न घेता.

फोन ठेवला. हे मला आवडलं नाही. का आवडलं नाही ते लिहिता येत नाही. मी इथे डोळे मिटून जे घर बघते, त्यात ती एकटी असते. ओट्याशी उभी, फोन कढईवर धरून, माझ्या फोनची वाट बघत. तशीच राहायला हवी होती की काय ती?

खोडून टाकावंसं वाटलं. ठेवते.

२५ जानेवारी

काकांनी तिकिटांबद्दल विचारलं. म्हटलं बघते. "बघते म्हणजे?" म्हटलं, बघते म्हणजे बघते.

टाके काढले. व्रण राहणार.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेआठ, महिनाभर रविवारचा फोन ह्याच वेळी करते. बाहेर सगळं पांढरं, रिया कामावर. तिकडे संध्याकाळचे सात. फोन लावला. बराच वाजला. उचलला.

स्क्रीनवर आधी छत, मग पंखा, मग तो. चष्मा. केस सगळे पांढरे. मी डोक्यात ज्याच्याशी भांडत होते तो काळ्या केसांचा होता.

"आई देवळात गेली आहे," तो म्हणाला. "शोभावहिनींबरोबर. पहिल्यांदाच बाहेर पडली. फोन इथंच विसरली."

माझं बोट लाल बटणाकडे गेलं.

"ठेवू?"

त्याच्या मागे पिवळी भिंत नव्हती. तो ओट्याशी उभा होता. ओट्यावर कोथिंबिरीची जुडी, निम्मी चिरलेली, जाडजाड. गॅसवर काहीतरी होतं, त्याने न बघता आच कमी केली.

"हनुवटी बरी आहे का आता?"

बरी आहे म्हणायला तोंड उघडलं, पण आधी डोक्यात दुसरंच आलं. आई फोन विसरत नाही. संडासला जातानाही नेते. ऑपरेशनच्या वेळी तो पिशवीत घालून नर्सला धरायला लावला होता, शोभामावशीने सांगितलं. ती फोन विसरत नाही, आणि रविवारी ह्या वेळी मी फोन करते हे तिला माहीत आहे.

तो थांबला होता. फोन डोळ्यांच्या फार जवळ धरून, मला नीट बघायला.